पसंतीक्रम कोणाचा?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल हाती आला की अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पूर्वी ही निवड घरातील वडीलधारी मंडळी, शाळेतील एखादे जाणते मास्तर आणि शेजारचा दोन वर्षे पुढे असलेला मुलगा ह्यांच्या सल्ल्याने होत असे. आज ती हातातील फोनच्या सल्ल्याने होते. ह्यात केवळ साधन बदलले असे समजणे ही मोठी चूक होय. सल्ला देणारा बदलला आहे, आणि त्याने कोणाचे मीठ खाल्ले आहे हे ओळखण्याची सोय उरलेली नाही.

गतकाळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या जाणत्या मास्तरांची जाण पुष्कळदा पुण्या-मुंबईच्या चार नावांपलीकडे जात नसे. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस दार उघडल्यावर त्यांची जी गर्दी झाली, तिच्यात बरे कोणते आणि वाईट कोणते हे सांगणारा माणूस सामान्य पालकास भेटतच नसे. ज्या मुलीच्या गावात कोणी अभियांत्रिकीचे तोंड पाहिलेले नाही, ती आज दूरच्या शहरातील वसतिगृहात राहणाऱ्या अनोळखी विद्यार्थिनीस थेट विचारू शकते की, बाई गं, प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, आणि शिक्षक तासाला येतात की नाही? असल्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापली जात नसत. ती मिळू लागली हा निःसंशय लाभ आहे.

परंतु लोकांचा विश्वास जेथे गोळा होतो तेथे व्यापारी फार दिवस दूर राहत नाही. प्रवेशाचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर ‘मार्गदर्शन’ गट निघतात. त्यांचा चालक कोण, हे त्यातील पालकांस ठाऊक नसते. युट्यूबवरील तरुण हसतमुखाने एका महाविद्यालयाची थोरवी सांगतो. त्याबद्दल त्यास काय मिळाले हे तो सांगत नाही. शेजारचा मुलगा चुकीचा सल्ला देई तेव्हा निदान त्याला उंबरठ्यावर गाठून जाब विचारता येई. ह्या नव्या हितचिंतकास कोठे गाठावे?

आणि ह्या सर्व प्रचाराचा मुख्य आधार कोणता, तर ‘सर्वाधिक पॅकेज’! ह्या आकड्याची जादू एकदा उघड करून पाहण्यासारखी आहे. समजा, एका वर्गात शंभर मुले आहेत. त्यांपैकी साठांना नोकरी मिळाली. एकोणसाठांना वर्षाला तीन लाख रुपये आणि एकाला चाळीस लाख. जाहिरातीत चाळीस लाखांचा मुलगा हार घालून उभा राहतो. सरासरी काढली तर ती साडेतीन लाखांच्या वर दाखविता येते. मध्यक काढला तर तीन लाखच येतो. उरलेल्या चाळीस मुलांचे काय झाले, हे ह्यांपैकी एकही आकडा सांगत नाही. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या बापाला ह्या शेवटच्या दोन गोष्टीच हव्या असतात, आणि नेमक्या त्याच त्याला कोणी सांगत नाही.

वास्तविक ही माहिती गुप्त नाही. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी प्रसिद्ध होते. तीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती नोकरीस लागले आणि त्यांच्या वेतनाचा मध्यक किती, हे द्यावे लागते. मागील वर्षी कोणत्या गुणांवर प्रवेश बंद झाला हे राज्याचा सीईटी कक्ष देतो. मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण देते. पण ही माहिती तीन ठिकाणी, रुक्ष तक्त्यांत पडलेली असते, आणि अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मात्र न मागता डोळ्यांपुढे येते. संस्थांनी स्वतःच भरलेल्या आकड्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न आहेच. २०२५ च्या फेब्रुवारीत लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांसच अटक केली, तेव्हा शंका घेणाऱ्यास दोष कसा द्यावा? तरीही सहीशिक्क्याने दिलेला आकडा खोटा ठरविता येतो. चित्रफितीतील हास्य खोटे ठरविता येत नाही.

नियम नाहीत असेही नाही. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध उघड केला पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने खाजगी शिकवणी वर्गांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशाची वा नोकरीची हमी देण्यास मनाई केली आणि यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीविना वापरू नये असे बजावले. शिकवणी वर्गाला जे लाजिरवाणे ठरले ते पदवी देणाऱ्या महाविद्यालयाला शोभते काय? तितकेच स्पष्ट बंधन महाविद्यालयांवर घालण्यास कोणती अडचण आहे, हे आम्हांस उमगत नाही.

कोणी म्हणेल, मुले सज्ञान आहेत, त्यांनी डोळे उघडे ठेवावेत. ठीक आहे. पण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो, असा नियम शासनानेच केला आहे. चुकीच्या क्रमाचे प्रायश्चित्त इतके कठोर असेल, तर क्रम लावण्याच्या जागीच खरी माहिती पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पसंतीक्रमाच्या अर्जावर प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे मंजूर शुल्क, गेल्या वर्षी भरलेल्या जागा, नेमलेल्या पूर्णवेळ शिक्षकांची संख्या, वेळेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आणि वेतनाचा मध्यक, एवढे पाच रकाने असावेत. जी संस्था आकडा देणार नाही, तिचा रकाना कोरा दिसावा. ह्यासाठी नवा कायदा नको, समितीही नको. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांनी मनावर घेतले तर पुढील हंगामाच्या अर्जात हे रकाने छापून येऊ शकतात.