पुस्तक दोन भाषांचे, शिक्षकाचे काय?

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना सात वर्षे मोफत शिक्षण मिळावे आणि ते मातृभाषेतून व्हावे, असा ठराव या गावातून देशाला गेला. झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने शिक्षक घडवायला घेतले. शिक्षकाशिवाय योजना चालत नाही, हे त्या माणसांना कळत होते. आजच्या शिक्षण खात्यालाही कळते. त्यासाठी पैसा सोडायची मात्र त्याची तयारी नाही.

त्याच जिल्ह्यात आज जिल्हा परिषदेच्या शाळेला पट टिकवण्यासाठी सेमी इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. गणित इंग्रजीतून. शिकवणारा मराठीतून डी.एड. झालेला. तो इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीत समजावतो आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून घेतो. मूल पाढे म्हणते, पण शाब्दिक उदाहरणाशी अडते. यात त्या शिक्षकाचा दोष काडीचाही नाही. कोणती कल्पना आधी घरच्या भाषेत रुजवायची, दुसऱ्या भाषेत कधी न्यायची, हे वेगळे कौशल्य आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने द्विभाषिक अध्यापनाचा आग्रह धरला. त्यापाठोपाठ राज्याने पहिलीच्या हाती द्विभाषिक पुस्तके दिली. पुस्तक छापणे सोपे. शिक्षकाला महिनोन्महिने तयार करणे महाग, म्हणून ते टाळले. नव्या शिक्षणसेवकाला तीन वर्षे महिना 16,000 रुपयांवर राबवायचे, वर निवडणुकीची कामे लावायची आणि त्याच्याकडून दोन भाषांतले अध्यापन मागायचे, ही लबाडी आहे.

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा घाट घातला गेला. जूनच्या शासन निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 मुलांची अट होती. तेवढी नसतील तर शिक्षक नाही, सहा वर्षांच्या मुलाने ती ऑनलाइन शिकायची! लोक खवळले, 29 जूनला निर्णय मागे घ्यावा लागला. चांगलेच झाले.

आणि ज्या मुलांची मातृभाषाच गोंडी, त्यांचे काय? गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. खात्याने तिला अनधिकृत ठरवले. संविधानाचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणते. गोंडी आणि मराठी दोन्ही येणारे तरुण गावागावांत आहेत. त्यांना डी.एड.ला प्रवेश, विद्यावेतन आणि हक्काच्या जागा द्या. पोरांची भाषा जाणणारा शिक्षक मिळवायचा दुसरा मार्ग नाही.

आर्वी, समुद्रपूर, कारंजाच्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही बसता. सेमीचा ठराव पुढे आला की विचारा: शिकवणाऱ्याला प्रशिक्षण कोणी दिले, किती दिवसांचे? लेखी उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.