झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप झोपला?

शिबिराला निघताना पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी गावात उघडावा, तर पडदा काळाच. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांची ही नेहमीची तक्रार आणि निदानही ठरलेले, 'सर, बॅटरी गेली.' नवी बॅटरी येते, तीही तसेच करते. जुनी बॅटरी बिचारी बरेचदा धडधाकट असते.

लिनक्सवरच्या लॅपटॉपचे झाकण मिटले की तो सहसा 'स्लीप'मध्ये जातो. चालू काम रॅममध्ये राहते आणि ते टिकवायला सतत थोडी वीज लागते. एस-३ नावाच्या जुन्या गाढ झोपेत रॅम सोडून जवळजवळ सगळे बंद होत असे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत ती सोयच नसते. उरते ती एस-टू-आयडल नावाची डुलकी. तिच्यात यंत्राच्या प्रत्येक भागाने साथ द्यावी लागते. एखादा भाग जागा राहिला की रात्रभर वीज खर्च होते आणि बॅगेतला लॅपटॉप हाताला कोमट लागतो.

दुसरा मार्ग हायबरनेशनचा. रॅममधले सारे डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण काम जिथे सोडले तिथेच सापडते. डॉक्टर म्हणून मला या नावाची गंमत वाटते. शीतनिद्रेतल्या प्राण्याचे हृदय सावकाश का होईना चालू असते, साठवलेली चरबी जळत असते. म्हणजे तो लॅपटॉपच्या स्लीपचा भाऊ! हायबरनेशन कोरड्या बियाण्याच्या जवळचे.

उबुंटूने २०१२च्या आवृत्तीपासून हायबरनेशन मूळ मांडणीत बंद ठेवले, कारण काही यंत्रे त्यातून नीट उठत नसत. भीती खोटी नव्हती. पण त्यावर सगळ्यांनाच ही सोय नाकारणे मला पटत नाही. आता मधला मार्गही आहे. लॅपटॉप आधी स्लीपमध्ये जातो आणि ठरावीक वेळेनंतर आपोआप हायबरनेट होतो. फिरतीच्या लॅपटॉपांवर संगणक विभागाने हीच मांडणी करून द्यावी. त्यासाठी डिस्कवर साधारण रॅमएवढी स्वॅप जागा लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक ठिकाणी कर्नल हायबरनेशन अडवतो, हेही आधी पाहावे. यंत्र हाती देण्यापूर्वी चार-पाच वेळा झोपवून-उठवून बघावे.

एक गोष्ट मात्र संगणकवाले घाईत सोडून देतात. हायबरनेशनमध्ये रॅमची प्रत डिस्कवर जाते. त्या क्षणी उघड्या असलेल्या क्षयरुग्णांच्या याद्या, एचआयव्हीचे अहवाल, सगळेच. लॅपटॉप एसटीत विसरला तर? म्हणून स्वॅपसकट डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. ती नसेल तर रुग्णांची माहिती असलेला लॅपटॉप सरळ बंद करावा. बॅटरी वाचवण्यापेक्षा ते गुपित जपणे मोठे.

आणि निदान? रात्री झाकण मिटताना बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा, सकाळी चार्जर न लावता पुन्हा पाहा. दुसऱ्या रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करून तेच करा. पहिल्या रात्री बॅटरी बरीच उतरली आणि दुसऱ्या रात्री जागची हलली नाही, तर दोष झोपेत आहे. बॅटरीच्या मागणीपत्रावर सही मागायला येणाऱ्यांकडून मी आधी हे आकडे मागतो.