अँटेनाचे निदान आकड्यावरून नको

ताप १०२ अंश आहे, एवढ्यावरून औषध ठरत नाही. तापाचे कारण शोधावे लागते. हौशी रेडिओचालक मात्र अनेकदा 'एसडब्ल्यूआर' या एकाच आकड्यावरून अँटेना जोखतात. हा आकडा २ आला, तर अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी सुमारे ११ टक्के परत फिरते, एवढे कळते. का फिरते, ते कळत नाही.

ते सांगतो स्मिथ चार्ट. बेल लॅब्जमधील फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या गोल आलेखाचा मध्यबिंदू म्हणजे अचूक जुळणी, बहुधा ५० ओहमशी. मोजमापाचा बिंदू वरच्या अर्ध्या भागात पडला, तर कॉइलसारखा गुण. खालच्या भागात पडला, तर कपॅसिटरसारखा. उपाय त्यावरून ठरतो. मधल्या केबलमुळे हा बिंदू आलेखावर फिरतो; म्हणून मोजले कुठे, हेही पाहावे लागते.

आता हातात मावणारी उपकरणे हा आलेख क्षणात दाखवतात. तो वाचण्याचा सराव परवाना परीक्षेच्या तयारीतच व्हायला हवा. पुरात मोबाइल टॉवर बंद पडले, की रुग्णालयाचा निरोप हॅम रेडिओवरून पाठवण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा अंदाजाने तार कापत बसायला सवड नसते.