दानाचे माप कोणत्या पायलीने?

आमचा शेतकरी बाजारात साधे मडके घेतो तेव्हा ते बोटाने वाजवून पाहतो. बैल घेताना त्याचे दात मोजतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. परंतु तोच शहाणा माणूस धर्मादायासाठी खिशात हात घालतो तेव्हा डोळे मिटून घेतो. कारण काय, तर पुण्याच्या कामात हिशेब पाहू नये! ही समजूत मुळात कोणाच्या पोटाच्या सोयीसाठी पसरली, हे जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हाच उघड करून सांगितले आहे. 'सत्पात्री दान' हा शब्द चांगला होता, पण पात्र कोणते हे जन्मावरून ठरे. आता भिक्षुकाच्या जागी संस्था आल्या, तरी पात्र पारखण्याची रीत सुधारली नाही. पूर्वी दान जानवे पाहून होई, हल्ली फोटो पाहून होते.

आमचे शहापूर व मुरबाड हे तालुके मुंबईच्या उशाशी आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा या शहापूर तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबई पिते, आणि वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. तेव्हा मुंबईचा पैसा इकडे वळतो यात नवल नाही. हिशेबाने पाहिले तर ती काही अंशी परतफेडच आहे. जूनमध्ये वह्या, दप्तरे आणि छत्र्या येतात, दिवाळीत फराळ व कपडे येतात, थंडीत ब्लँकेटे येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. पण हमरस्त्यालगतच्या पाड्यावर एकेका पोरास तीन दप्तरे मिळतात, आणि जेथे मोटार चढत नाही त्या पाड्यावर एकही पोहोचत नाही. मग अहवालात छापून येते, 'पाचशे दप्तरे वाटली.' आकडा खरा असतो, पण तो दप्तरांचा असतो, शिकलेल्या मुलांचा नसतो.

आम्ही शाळामास्तर पुढचे पाहतो. जूनमध्ये दप्तर घेतलेले कातकऱ्याचे पोर दिवाळीनंतर शाळेत दिसत नाही. बापाने वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते, म्हणून सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते आणि मूलही त्याबरोबर जाते. दप्तर झोपडीत टांगलेले राहते. त्या पोरास आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घेण्याची तजवीज ज्याने केली, त्याने एकच मूल राखले तरी पाचशे दप्तरांहून मोठे काम केले. हातपंपाचेही तेच. देणगीदाराच्या नावाची पाटी दहा वर्षे टिकते आणि पंपाचा वायसर दोन वर्षांत जातो. तो बदलणारा माणूस तयार करावयाचे कोणाच्या ध्यानात नसते.

कोणी म्हणेल, सरकारची देखरेख आहे ना? आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० सालचा आहे. संस्थेची नोंदणी होते, हिशेब तपासला जातो, धर्मादाय आयुक्तांकडे जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के लोककार्यास लावावे लागतात, आणि २०२१ पासून त्यांतल्या फार मोठ्या कंपन्यांना एक कोटी व त्याहून मोठ्या कामांचा परिणाम तपासून घ्यावा लागतो. हे सर्व योग्यच आहे. पण हिशेबनीस एवढेच सांगतो की पैसा खाल्ला गेला नाही. त्या पैशाने कोणाचे काय भले झाले, हे त्याच्या वहीत नसते.

अमेरिकेत २००१ साली 'चॅरिटी नेव्हिगेटर' नावाची संस्था निघाली. तिने प्रथम संस्थांच्या जमाखर्चावरून त्यांना तारे देण्यास आरंभ केला. २००७ साली 'गिव्हवेल' निघाली, तिने निराळा प्रश्न विचारला: इतक्या पैशात किती जीव वाचले, कोणाचे जिणे किती सुधारले? हा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. 'शंभरातले पंचाण्णव रुपये थेट गरिबांस' असे सांगणाऱ्या संस्थेवर दाता भाळतो. परंतु शिकवणाऱ्याचा पगार, दुरुस्ती करणाऱ्याची मजुरी, फिरून पाहणी करणाऱ्याचे गाडीभाडे हे सारे 'वरखर्चात' जाते. आणि बहुधा याच खर्चावर काम टिकते.

हे मोजता येते काय? येते, आणि आमच्याच महाराष्ट्रात मोजले गेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी धरली. आरंभी हजारी ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि पुढे सरकारनेही आशांमार्फत ही रीत उचलली. दुसरी गावे मोजली नसती, तर पाऊसपाणी चांगले झाले म्हणून बाळे जगली, असे कोणीही म्हणू शकला असता.

मोजल्याने उलटेही कळते. आफ्रिकेतल्या केनिया देशात खेड्यांतील शाळांना पाठ्यपुस्तके फुकट दिली आणि पुढे परीक्षा घेऊन पाहिले. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. बाकीची होती तेथेच राहिली. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांना ती भाषाच नीट येत नव्हती! याउलट मुंबई व बडोद्यात 'प्रथम' संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच मुली 'बालसखी' म्हणून नेमल्या. जेथे त्या नव्हत्या तेथील मुलांशी तुलना केली, तेव्हा बालसखीच्या शाळांतली मुले पुढे गेलेली आढळली. ठाकूर-कातकऱ्यांच्या पोरांना शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांना या दोन्ही गोष्टींचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको.

आता खरी अडचण. गाव खरे बोलत नाही. वर्षाने कोणी विचारावयास आला तर पाड्यावरचा म्हातारा हात जोडून म्हणतो, "लय चांगलं झालं, साहेब." पंप बंद आहे असे सांगितले तर पुढच्या साली ब्लँकेट येणार नाही, ही त्याची भीती. ती भीती खोटी नाही. पण जो दाता खरे ऐकून रुसतो, तो दान देत नसून स्तुती विकत घेत असतो. आणि घेणाऱ्याची जीभ बांधणारे दान हे जुन्या दक्षिणेचेच नवे रूप आहे.

यावर आमची सूचना साधी आहे. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस मान आहे. प्रत्येक ग्रामसभेने एक दानवही ठेवावी. तीत चार गोष्टी लिहाव्यात: ही वस्तू मागितली कोणी? दिली कोणास, आणि कोणता पाडा राहिला? बिघडल्यास दुरुस्त कोण करणार? आणि वर्षाने त्यातले काय उरले? चौथे उत्तर बायांच्या बैठकीत, देणारा समोर नसताना लिहावे, म्हणजे भीड पडणार नाही. यास मोठा खर्च नाही, विद्वान लागत नाहीत. चौथी शिकलेली पोरगीही हे लिहील. ही वही म्हणजे गडचिरोलीसारखे शास्त्र नव्हे, हे खरे. पण आज जेथे काहीच लिहिले जात नाही, तेथे एवढ्यानेही पुष्कळ उजेड पडेल.

ग्रामसभांनी पुढच्याच बैठकीत हा ठराव करावा. आणि मुंबई-ठाण्याच्या दात्यांनी यापुढे संस्थेकडे पावतीबरोबर त्या वहीच्या पानाची नक्कल मागावी. जी संस्था ती देणार नाही, तिच्यापाशी थैलीची गाठ सोडू नये.