दहा मिनिटांत अकोले

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीहून अकोल्याला विमानानं किती वेळ? फोनला विचारलं की उत्तर तयार असतं: दहा मिनिटांच्या आत-बाहेर. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरळ रेषेतलं अंतर काढायचं, ते भरतं साधारण १३० किलोमीटर, आणि त्याला जेट विमानाच्या ताशी आठशे-साडेआठशेच्या वेगानं भागायचं. पाथर्डीत विमानतळ नाही, अकोल्यातही नाही, याचं भागाकाराला काही देणंघेणं नसतं. खरं तर एवढ्या वेळात जेट पुरेशी उंचीसुद्धा गाठत नाही. वर चढतंय तोवर उतरायची वेळ!

तरी ती रेघ नकाशावर ओढून बघण्यासारखी आहे. गर्भगिरीचे डोंगर डाव्या हाताला, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या आसपास मुळा धरणाचं पाणी, मग संगमनेर उजवीकडे टाकून प्रवरेच्या खोऱ्यात. नगर शहर या रेघेच्या वाटेत येतच नाही. एसटीनं जायचं तर मात्र नगर आलंच. ‘नगरला उतरा, माळीवाडा स्टँडला गाडी नाही मिळाली तर तारकपूरला बघा, पुढं संगमनेरला बदला,’ असा पत्ता मिळतो. त्यात किलोमीटर कुठं नसतात. आमच्याकडे लांबचा प्रवास गाड्या बदलण्यावर मोजतात.

राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच नगरहून पुण्याला सुटली. तिकीट अडीच रुपये. एवढा जुना मान असलेल्या शहरापासून पाथर्डी पन्नासेक किलोमीटर, पण मधल्या करंजी घाटातल्या राष्ट्रीय महामार्गानं कित्येक वर्षं माणसांची हाडं खिळखिळी केली. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे आमदार नीलेश लंके रखडलेल्या रस्त्यांसाठी नगरला उपोषणाला बसले, त्यात हाही रस्ता होता. विमानाचं म्हणाल तर ते जिल्ह्यात आलेलं आहे. काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. पण पाथर्डीहून काकडी गाठायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात तिथलं विमान हैदराबादला टेकलेलं असतं.

पाथर्डीच्या माणसाचं अकोल्यात काम तरी काय, असं कुणी विचारेल. काम एकच: बदली. जिल्हा परिषदेचे गुरुजी पाथर्डीचे आणि शाळा अकोले तालुक्यातली, डोंगरातली, ‘अवघड क्षेत्रा’तली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पिशवी उचलायची, राजूरहून मिळेल ती जीप धरायची आणि रात्री उशिरा घरी पोचायचं. रविवारी कपडे धुऊन, दळण आणून होतंय तोवर परतीच्या गाडीची वेळ. या माणसाला दहा मिनिटांचा आकडा दाखवू नये, एवढी माणुसकी आपल्यात असावी.

जिल्हाच १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सगळ्यांत मोठा. नाव अहिल्यानगर झालं, लांबी तेवढीच राहिली. विभाजनाची मागणी जुनी आहे. मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, इथं घोडं अडतं. कुठंही झालं तरी पाथर्डीकराचं कलेक्टर ऑफिस नगरलाच राहणार, करंजी घाटही सुटणार नाही. अकोलेकराचा हेलपाटा तेवढा वाचेल. आणि गुरुजींची बदली अकोल्याला व्हायची बंद होईल, म्हणून या मागणीला शिक्षकांच्या घरून मिळणारा पाठिंबा मोजला तर तो पुढाऱ्यांपेक्षा जास्त भरेल.