एका पायाचा जोडा

चार चाकांच्या फळीवर उभें राहून धांवण्याचा ‘स्केटबोर्डिंग’ हा खेळ कॅलिफोर्नियांतला. त्यांत एक पाय फळीवर राहतो, दुसरा जमीन मागें रेटतो. तेव्हां एका पायांतला बूट आधीं झिजावा, हें ओघानेंच आलें. १९६६ सालीं अॅनाहाइम येथें निघालेल्या व्हॅन्स कंपनीनें ही अडचण ओळखून मुलांना एकेकटा बूटहि विकला. घरांतल्या चार-सहा मुलांचीं पायताणें पुरविणाऱ्या आमच्या वाचकांस या सोयीची थोरवी निराळी सांगावयास नको!

पुढें या बाजारावर बड्यांची दृष्टि गेली. नाइकीनें १९९० नंतरच्या दशकांत जाहिरातींचा गाजावाजा केला. पण खेळणारांनीं तिला आपली मानली नाहीं. रस्तोरस्तीं हुसकून लावलेल्या पोरांना हा उपरा सावकार रुचावा तरी कसा? २००२ सालीं सँडी बोडेकर यांच्या हातीं कारभार देऊन ती पुन्हां आली, ती मात्र दबकत. बास्केटबॉलच्याच जुन्या ‘डंक’ बुटाची जीभ जाड केली, आंत मऊ गादी घातली, चार नामांकित खेळाडूंस आपापला रंग निवडूं दिला, आणि माल ठेविला तो खेळाडूंच्या लहान दुकानांतच. ही युक्ति फळली.

दुकानदारास गिऱ्हाईक मिळालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याच मांडणीवर ज्या छोट्या कंपन्यांचे बूट असत, त्यांनीं जावें कोठें? खुद्द व्हॅन्स १९८४ सालच्या दिवाळ्यांतून सावरली खरी; २००४ सालीं मात्र व्हीएफ या बड्या कंपनीनें तीहि विकत घेतली.