दोनच शस्त्रे, मग निवड कशाची?

पिस्तुलांचा छोटासा संग्रह करू पाहणाऱ्या नवख्या हौशी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कोणते पिस्तूल घ्यावे, हा. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरून गेलेले आहे. सरावासाठी ०.२२ बोअरचे पिस्तूल, घराच्या संरक्षणासाठी ९ मिलिमीटरचे आणि जोडीला ०.३८चे रिव्हॉल्व्हर, असा तिथला प्राथमिक संच सांगितला जातो. भारतात यांतील शेवटची दोन्ही शस्त्रे प्रतिबंधित बोअरच्या यादीत असल्याने सामान्य परवानाधारकाला ती घेताच येत नाहीत. शिवाय २०१९ साली शस्त्र अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे असू शकणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या दोनवर आणली. 'संग्रह' हा शब्द जिथे दोनावर संपतो, तिथे 'कोणते' या प्रश्नाआधी 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडते. शस्त्रपरवान्यांवरून महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते पाहता हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

तीनावरून दोनावर

१८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीयांना नि:शस्त्र केले आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट दिली. त्या भेदभावाची सल राष्ट्रीय चळवळीला दीर्घकाळ होती. स्वातंत्र्यानंतर आलेला १९५९चा शस्त्र अधिनियम त्यामुळे तुलनेने उदार होता. बंदुकांच्या संख्येवर तीनची मर्यादा आली ती १९८३च्या दुरुस्तीने. २०१९च्या विधेयकात सरकारने सुरुवातीला एकच शस्त्र ठेवण्याची तरतूद केली होती. त्यावर आक्षेप घेतले गेले. वडिलोपार्जित शस्त्रांचे काय, शेतावर एकटे राहणाऱ्यांचे काय आणि नेमबाजांचे काय, असे प्रश्न उपस्थित झाल्यावर मर्यादा दोन करण्यात आली. ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते, त्यांनी ते वर्षभराच्या आत पोलिस ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे, असे ठरले. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. समारंभात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

या मर्यादेचा सर्वाधिक फटका बसला तो जुन्या घराण्यांना. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक, वडिलांची रायफल आणि स्वत:चे रिव्हॉल्व्हर, अशी तीन शस्त्रे असलेल्या घरात एकाला निरोप द्यावा लागला. वारसाहक्काने येणारे शस्त्रही या दोनातच मोजले जाते. त्यामुळे ज्याच्या घरी वडिलांची बंदूक आहे, त्याने पिस्तूल निवडताना ती बंदूक उद्या आपल्याच नावावर येणार आहे, हे गृहीत धरलेले बरे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला परवाना देण्याची सोय २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. वडील हयात असतानाच हा विषय बोलून घेण्याचे सौजन्य फारच थोड्या घरांत दाखवले जाते. पुढे परवान्याविना कपाटात पडून राहिलेली बंदूक वारसांसाठी गुन्हा ठरू शकते.

बोअरची चौकट

भारतातील नवख्याची निवड आवडीपेक्षा बोअरच ठरवतो. ९ मिलिमीटर, ०.३८, ०.४५ आणि ०.४५५ हे बोअर लष्कर व पोलिसांच्या वापरातील म्हणून सामान्य नागरिकांना वर्ज्य आहेत. उरतात ते प्रामुख्याने ०.३२ आणि ०.२२. खासगी वापरासाठीची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने त्याआधी देशात आलेली परदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहतात. त्यांच्या किमतीत शस्त्राच्या गुणापेक्षा दुर्मीळपणाचा वाटा मोठा असतो. पन्नास-साठ वर्षे जुन्या पिस्तुलाच्या झिजलेल्या स्प्रिंगला आणि न मिळणाऱ्या सुट्या भागांना नाव कितीही मोठे असले तरी इलाज नसतो. नवख्याने या बाजारापासून दूर राहावे, हेच शहाणपणाचे.

देशी पर्यायांत कानपूरच्या आयुधनिर्माणीचे ०.३२ रिव्हॉल्व्हर सर्वाधिक परिचित. त्याची रचना वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या जुन्या ०.३८ रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. २०१४ साली याच शहरातून 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. दिल्लीतील २०१२च्या अत्याचार प्रकरणानंतरच्या संतापाची पार्श्वभूमी त्याला होती. मात्र इतक्या किमतीचे शस्त्र कोणत्या महिलेला परवडणार, आणि संकटाच्या क्षणी ते पर्समधून निघणार कसे, हे आक्षेप तेव्हाच घेतले गेले होते. २०२१मध्ये आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३मध्ये 'प्रबल' हे ०.३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम असून त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. पिस्तूलच हवे असणाऱ्यांसाठी ईशापूरचे ०.३२ 'अशनी' आहे.

नवख्यांची इथे एक गफलत होते. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही ०.३२ बोअरची असली तरी त्यांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व कडेला ओठ असलेले, तर पिस्तुलाचे आखूड. एकाची काडतुसे दुसऱ्यात वापरायची नसतात. एकाच बोअरची दोन शस्त्रे घेतली म्हणजे काडतुसांची सोय एक झाली, असे समजणाऱ्याचा भ्रमनिरास दुकानातच होतो. परवान्यावर काडतुसांची मर्यादाही नोंदलेली असते, त्यामुळे सरावाला किती वाव मिळेल हे आधी पाहावे लागते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

दोहोंपैकी नवख्याला सोपे ते रिव्हॉल्व्हर. सिलिंडर उघडताच सहाच्या सहा घरे डोळ्यांसमोर येतात. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, यात संशयाला जागा राहत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन बाहेर काढले तरी एक गोळी नळीच्या घरात बसलेली असू शकते. 'रिकामे' समजून साफ करताना होणाऱ्या अपघातांमागे बहुतेकदा हीच विसरलेली गोळी असते. मॅगझिन काढणे, स्लाइड मागे ओढून घर डोळ्यांनी पाहणे आणि तरीही शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागणे, ही सवय अंगी बाणल्याखेरीज पिस्तूल घेऊ नये.

अर्थात रिव्हॉल्व्हर म्हणजे निर्धोक, असाही अर्थ नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या परवान्यावरील रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. शस्त्र ठेवताना ते हातातून निसटले होते. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पडल्याच्या धक्क्यानेही काडतुसावर आदळू शकतो. घरी ठेवलेले शस्त्र रिकामे असावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत, हा नियम म्हणूनच केवळ पुस्तकी नाही.

कपाटातील जबाबदारी

शस्त्र कोणाच्या नावावर आहे, यापेक्षा ते कोणाच्या हाती लागू शकते हे अधिक महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२४मध्ये दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान हत्या झाली. वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, त्याच्या परवान्यावरील असल्याचे तपासात समोर आले. त्याच्या आदल्याच आठवड्यात उल्हासनगरच्या एका पोलिस ठाण्यातच आमदाराने गोळीबार केला होता. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४मधील हत्येनंतर बीड जिल्ह्यातील परवान्यांची संख्या चर्चेत आली. हजाराहून अधिक परवाने एका जिल्ह्यात दिले गेले कसे, असा प्रश्न विचारला गेला. प्रशासनाने फेरतपासणी हाती घेतली आणि अनेक परवाने रद्द केले. कमरेला लटकणारे पिस्तूल हे संरक्षणाचे नव्हे, तर प्रतिष्ठेचे साधन झाले होते, हे या फेरतपासणीने उघड केले.

घरातील शस्त्राचा दुसरा धोका अधिक अबोल आहे. अमेरिकेत २०२३मध्ये बंदुकीने सुमारे ४६,७०० जणांचा बळी घेतला, आणि त्यांतील २७ हजारांहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. संरक्षणासाठी आणलेले शस्त्र बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्याच कुणावर उलटण्याची शक्यता तिथल्या अनुभवाने दाखवून दिली आहे. घरात नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती, मद्यपी किंवा जिज्ञासू वयाचे मूल असेल, तर शस्त्र न घेणे हीच योग्य निवड. वेळ येईल तेव्हा ते विक्रेत्याकडे अथवा पोलिसांकडे जमा ठेवण्याची तयारीही मालकाची हवी.

हौसेचा मोकळा मार्ग

मग ज्याला खरोखरच शस्त्रांची आवड आहे, त्याने काय करावे? कायद्याने त्याच्यासाठी दोन दारे उघडी ठेवली आहेत. पहिले नेमबाजीचे. ०.१७७ बोअरच्या, ठरावीक शक्तीच्या आतील हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटर अंतरावरून त्याने सराव करताना पकड, श्वास आणि चापावरील बोट यांची जी शिस्त लागते, ती कोणतेही महागडे पिस्तूल देऊ शकत नाही. वरळी आणि बालेवाडी येथे नेमबाजीच्या सरावाची केंद्रे आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले, तर मनू भाकर यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके पटकावली. खेळाडूंना संख्येच्या मर्यादेतूनही सवलत आहे. फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेनुसार नामवंत नेमबाजांना १२पर्यंत, तर होतकरू नेमबाजांना दोन शस्त्रे सवलतीच्या वर्गात ठेवता येतात. म्हणजे ज्याला दोनापेक्षा अधिक पिस्तुले हवी आहेत, त्याने ती पैशाने नव्हे, गुणांनी मिळवायची आहेत.

दुसरे दार इतिहासाचे. कालबाह्य बनावटीची, पुरातन मूल्याची अथवा दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणारी शस्त्रे बाळगण्यास अधिनियमाच्या ४५व्या कलमाने सूट दिली आहे. दुर्मीळ शस्त्रे जवळ ठेवण्यास परवाना लागणार नाही, मात्र ती वापरायची अथवा बरोबर न्यायची तर लागेल, असे याच अधिसूचनेने स्पष्ट केले. परवान्यावर नोंद नसेल, तर त्यांच्यासाठी काडतुसेही मिळणार नाहीत. खऱ्या संग्राहकाचे यात काही बिघडत नाही. त्याचा आनंद शस्त्राच्या घडणीत, कारागिरीत आणि त्यामागच्या काळात असतो, आवाजात नसतो. मात्र विकत घेण्यापूर्वी ते शस्त्र खरोखर या सवलतीत बसते की नाही, हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घेणे आवश्यक.

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एक सावधगिरी हवी. तिथे बाळगता येणाऱ्या पिस्तुलांच्या संख्येवर संघराज्याच्या कायद्यात मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये घरात, तर २०२२मध्ये घराबाहेरही शस्त्र बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. परंतु एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक बाळगणे हा तिथे गुन्हाच आहे. सुटीत सराव करून आलेल्या पिशवीच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूसही भारतीय विमानतळावर शस्त्र अधिनियमाखाली चौकशीला निमंत्रण देते.

मोजणीपलीकडे

दोनच्या मर्यादेने काय साधले, याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. देशातील बंदुकीच्या बहुतांश हत्यांत विनापरवाना शस्त्र वापरले जाते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. गावठी कट्टा वापरणारा कधी परवान्यासाठी रांगेत उभा राहत नाही. म्हणून मर्यादा निरर्थक होती, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. दहिसर आणि बीड यांनी परवान्यावरील शस्त्राचाही धडा दिला आहे, आणि तो संख्येचा नसून छाननीचा आहे. २०१६च्या नियमांनी सुरक्षा प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी आवश्यक केली. पण ते प्रशिक्षण कागदापुरते उरते की नळीसमोर उभे राहून दिले जाते, आणि कपाटाचे कुलूप परवाना देताना एकदाच पाहिले जाते की नूतनीकरणाच्या वेळीही, यावर कायद्याचे यश अवलंबून आहे. घराघरांत शस्त्रे किती आहेत हे सरकारने मोजले. ती कशी ठेवली जातात, हे पाहणे बाकी आहे.

तोवर नवख्याने स्वत:लाच काही अटी घालून घ्याव्यात. वर्षभर हवाई पिस्तुलावर सराव करावा. त्यानंतरही गरज वाटली, तर एकच साधे, नवे, देशी रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्याआधी भिंतीला पक्की केलेली लोखंडी पेटी घरात यावी. दुसरी जागा रिकामी ठेवावी. कायदा दोन शस्त्रांची मुभा देतो, सक्ती करीत नाही.